शेवटी हात कशाला लावला होता?

माझ्या रागाला घरात दोघंच भीक घालत नसत. एक आमची जुनी पांढरी गाडी आणि दुसरे आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. गाडीवर चिडून पाना आपटला तर तो उसळून माझ्याच पायावर यायचा, आणि अण्णांवर आवाज चढवला तर ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "झालं का? आता काम कर." मी गणिताचा मास्तर. शाळेत मी नुसता खाकरलो तरी नववीचा वर्ग चिडीचूप होतो. अंगणात बॉनेट उघडलं की मात्र ही सगळी मास्तरकी पार उतरायची. आज त्या गाडीतलं मला बरंचसं कळतं आणि ती अजून चालते आहे, यात माझं स्वतःचं असं फार थोडं आहे. हे कबूल करायला मला वेळ लागला, आणि त्याचीच ही गोष्ट.

गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती. छोटी, चार दारांची, पेट्रोलवर चालणारी, कार्बोरेटरच्या जमान्यातली. सेनगावात राहून मास्तरला मोटार कशाला लागते, असं गावानं विचारायच्या आत अण्णांनीच विचारून घेतलं होतं. तहसीलमध्ये कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, जन्मभर सायकलवर फिरलेला. त्यांना गाडी म्हणजे मिरवायची वस्तू वाटायची. पुढं त्यांचीच मूत्रपिंडं थकली आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं. अकराचा नंबर असायचा. त्या दिवसापासून ती गाडी मिरवायची राहिली नाही. एसटीत तासभर हादरे खाणं अण्णांना झेपत नव्हतं, आणि जीपमध्ये तर चौघांच्या जागेत सात माणसं. गाडी चालू राहिली पाहिजे, एवढा एकच विषय घरात उरला. गाडी बंद पडली तर नंबर चुकणार, आणि नंबर चुकला की दोन दिवसांत अण्णांचे पाय सुजून दम लागणार. एकदा पावसाळ्यात तसं झालंही होतं. तेव्हा रात्रभर उशीला टेकून बसलेले अण्णा मी पाहिले होते आणि ते मला परत पाहायचे नव्हते.

गावात गॅरेजं होती, पण ती ट्रॅक्टरची आणि मोटरसायकलींची. नव्या पोरांनी आमच्या गाडीचं बॉनेट उघडायचं, आत बघायचं आणि एवढंच म्हणायचं, "सर, इकून टाका." कार्बोरेटर त्यांनी फोटोतच पाहिलेला. म्हणून मग मी स्वतःच पाने आणले, पक्कड आणली, मोबाईलवर व्हिडिओ लावले आणि अंगणात कामाला लागलो.

पहिल्याच रविवारी मी प्लग साफ करायला घेतले. चारही प्लग काढले, घासले, बसवले, वायरी लावल्या. गाडी सुरू केली तर ती तापानं फणफणलेल्या माणसासारखी थरथरायला लागली. मी कार्बोरेटर उघडला. मग पेट्रोलची नळी काढून फुंकली. मग बॅटरीची तोंडं घासली. उन्हं डोक्यावर आली, मी गाडीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि अण्णा खुर्चीत बसून हातातल्या बॅटरीचा झोत बरोबर माझ्या तोंडावर मारत राहिले. इंजिनावर उजेड पाडायचं सोडून ते माझा चेहरा बघत बसायचे.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून आवाज आला, "सर, शेवटी हात कशाला लावला होता?"

हे आमचे शेजारी. एसटीच्या डेपोतून हेड मिस्त्री म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणतो, अण्णा त्यांना मिस्त्री म्हणायचे. दोघांत मिळून एक वर्तमानपत्र येई. सकाळी आतली पानं त्यांच्याकडे, बाहेरची अण्णांकडे, आणि नऊ वाजता भिंतीवरून अदलाबदल. तोवर मी त्यांच्याशी पाऊसपाण्यापलीकडं फारसं बोललो नव्हतो.

"कशाला म्हणजे? कार्बोरेटर बघतोय," मी म्हणालो.

"ते आत्ता. गाडी बिघडायच्या आधी काय केलतं?"

"प्लग."

"मग तिथूनच सुरू करा ना. पुढं काहून पळून राहिले?"

मी दोन नंबरची वायर तीनला आणि तीनची दोनला लावली होती. त्यांनी अलीकडं येऊन बोट दाखवलं, पण वायरीला हात लावला नाही. "तुमीच बदला. मी सांगतो, तुमी करा. मी करून दिलं तर उद्या नर्सीच्या घाटात मला कुठून आनसाल?" नर्सीला घाट नाही, नुसता चढ आहे, पण मुद्दा मला पटला. वायरी बदलल्या आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

"ध्यानात ठेवा," काका म्हणाले. "चांगली गाडी बिघडली की पयला सवाल तोच. शेवटी हात कशाला लावला होता. निम्म्या वेळी चूक तिथंच असते. आन् हात बहुतेक आपलाच असतो."

पुढची तीन वर्षं त्यांनी मला असंच शिकवलं, भिंतीवर कोपर टेकून. ब्रेकचे शू बदलायला शिकवले, ठिणगीच्या पॉइंटमधलं अंतर जुन्या ब्लेडच्या पात्यानं मोजायला शिकवलं, नट आधी हातानं फिरवून मगच पाना लावायला शिकवलं. माझा राग त्यांनी कधी मनावर घेतला नाही. मी बोल्ट ओरबाडून आटे घालवले की ते म्हणायचे, "बोल्टाला काय राग कळते?" आणि घरातून दुसरा बोल्ट आणून द्यायचे. त्यांच्याकडं एका डब्यात जगातले सगळे बोल्ट होते.

सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे प्रत्येक नंबरच्या आदल्या दिवशी, आमची तपासणी ठरलेली. पाणी, ऑइल, हवा, पट्टा. अण्णांच्या हातात बॅटरी, भिंतीवर काका, खाली मी. अण्णांना गाडी चालवता येत नव्हती, पण ते डाव्या सीटवर बसून इंजिनाचा आवाज ऐकत आणि हिंगोलीहून परत आल्यावर काकांना त्याचा तपशीलवार अहवाल देत. "मिस्त्री, तिसऱ्या गिअरला किरकिरते." आणि ती खरंच किरकिरत असे. मला ऐकू येत नसे याचं मला वाईट वाटायचं.

अण्णांची एकच गोष्ट माझ्या डोक्यात जायची. ते गाडीचं दार कधी नीट लावत नसत. म्हातारी वस्तू, जपून वापरावी, म्हणून ते दार हळूच टेकवायचे, देवघराचं लावावं तसं. ते दार लागायचंच नाही. मग मला उजवीकडून आडवं होऊन, त्यांच्या अंगावरून हात नेऊन ते ओढून आपटावं लागायचं. दर वेळी मी म्हणायचो, "अण्णा, जोरात लावा." दर वेळी ते म्हणायचे, "बरं." काकांनी एकदा दाराचं कुलूप उघडून पाहिलं आणि सांगितलं, "कुलपात कायबी दोष न्हाई. दोष अण्णांच्या सोभावात आहे." तिघंही हसलो. दार तसंच राहिलं.

तिसऱ्या वर्षी दसरा मंगळवारी आला.

आमच्या घरी खंडेनवमीच्या संध्याकाळी हत्यारं पाटावर मांडतात. आजोबांच्या वेळी त्यात विळे-कुऱ्हाडी असत, अण्णांच्या वेळी दौत आणि टाक. माझ्या वेळी पाने, पक्कड, पेचकस, जॅक. हळदकुंकू वाहायचं, आणि दशमीला संध्याकाळी सीमोल्लंघन करून येईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडीची पूजा दशमीला सकाळी. मी गाडी लख्ख धुतली. बायकोनं झेंडूचा हार केला होता, दोन दोऱ्यांचा, मनगटाएवढा जाड. मागच्या वर्षी हार वाटेत सुटून चाकाखाली गेला होता, म्हणून या वेळी मी तो पुढच्या जाळीवर आडवा-उभा घेऊन, बांधायच्या तारेनं आवळून बसवला. तो आदल्या संध्याकाळीच बांधून घेतला होता, कारण तारेला पीळ दिला की पक्कड पाटावर जाणार होती. सकाळी फुलं ताजी राहावीत म्हणून वर पाणी शिंपडलं. गाडी नवरीसारखी दिसत होती. अण्णा म्हणाले, "छान. आता निघू या." दार टेकवलं. मी आडवा होऊन लावलं.

दसऱ्याला डायलिसिस लवकर आटोपणार होतं. मशीन लावणाऱ्या मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं, अकराचे अकराला या, दुपारनंतर मी नाही. त्यानंतर थेट शनिवार.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची सुगी जोरात होती. ठिकठिकाणी हडंबे, म्हणजे मळणीयंत्रं, रस्त्याच्या कडेलाच लावलेली. त्यांच्या तोंडातून कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडत होतं आणि सगळा रस्ता पिवळ्या धुरळ्यातून जात होता. काचा वर करून आम्ही चार-पाच हडंबे ओलांडले. नर्सी अजून थोडी लांब होती, तेव्हा काट्याकडं माझं लक्ष गेलं. पाण्याच्या उष्णतेचा काटा लाल पट्टीत जाऊन टेकला होता. पाठोपाठ बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

गाडी बाजूला घेऊन मी बॉनेट उघडलं. पंखा फिरत होता. पट्टा जागेवर. आणि मग मला आठवलं, आठ दिवसांपूर्वी रेडिएटरचा वरचा रबरी पाईप काकांनी बदलून दिला होता. माझ्या बोटाला कापलं होतं म्हणून तेवढं एक काम त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. पाईपच्या तोंडापाशी ओल दिसत होती. झालं, दोष सापडला. क्लिप आवळायला पेचकस हवा होता. मागची डिकी उघडली तर ती रिकामी. हत्यारं घरी पाटावर, हळदकुंकू लावून, माझ्या येण्याची वाट बघत होती.

एक जीप थांबली. मागच्या फळीवर एक जागा होती. ड्रायव्हर म्हणाला, "सर, बाबाला घेऊन जातो ना मी हिंगोलीला. बसवा." मी म्हणालो, "नको, दहा मिनिटांत चालू होते." ज्याच्याजवळ साधा पेचकस नाही त्या माणसानं हे म्हटलं, हे आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. जीप गेली. त्यानंतरच्या जीपा भरलेल्या होत्या आणि त्या थांबल्या नाहीत.

मग मी काकांना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला, हळू आवाजात बोलत होते. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "काका, पाईप बसवता येत नव्हता तर हात कशाला लावला? माझा बाप इथं रस्त्यावर बसलाय. डेपोत अशीच कामं करत होतात का?" आणखीही दोन वाक्यं होती. ती मी लिहीत नाही, पण विसरलेलोही नाही.

मग ते म्हणाले, "कुठं आहात?" मी जागा सांगितली आणि फोन कापला.

अण्णा डाव्या सीटवर दार उघडं टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडं न बघता ते समोरच्या शेताकडं बघत राहिले. हडंब्यावरच्या एका बाईनं त्यांना पाहिलं आणि तांब्या घेऊन आली. "बाबा, पानी घ्या. लई ऊन हाय." अण्णांना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं. त्यांनी एकच घोट घेतला, तोंडात फिरवला आणि तिला म्हणाले, "पोरी, लई गोड पाणी आहे तुझ्याकडचं." तिला वाटलं म्हातारा लाजतोय. ती म्हणाली, "आजून घ्या की." तिला काय सांगणार? तिनं शेतातली एक रिकामी गोणी आणून दाराच्या काचेवर टाकली, अण्णांच्या चेहऱ्यावर सावली आली. त्या बाईला मी परत कधी पाहिलं नाही. तिचे आभार मानायचंही मला तेव्हा सुचलं नाही, ते इथं मानतो.

दहाच्या सुमाराला काका आले. मोटरसायकलवर, अंगात पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पँट. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज विजयादशमी, त्यांच्या विहारात वंदना असणार, आणि मी फोन केला तेव्हा ते तिथंच असणार. मोटरसायकलच्या हँडलला हत्यारांची पिशवी लटकवलेली होती. त्यांची हत्यारं पाटावर नव्हती.

मला वाटलं ते आता माझी कानउघाडणी करतील. ते आले, अण्णांना नमस्कार केला, बॉनेटमध्ये वाकले, पाईपच्या क्लिपवर पेचकस ठेवून पाहिला. क्लिप पक्की होती. ओल होती ती वाफेची. मग ते सरळ उभे राहिले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सर, शेवटी हात कशाला लावला होता?"

"पाईप तुम्हीच..."

"त्याला आठ दिस झाले. दोन येळा हिंगोली करून आले तुमी. त्याच्यानंतर?"

माझी नजर आपोआप गाडीच्या तोंडाकडं गेली. तिथं हार नव्हताच, पिवळ्या चिखलाचा एक जाडजूड थर होता. ओल्या झेंडूवर चार-पाच हडंब्यांचं कुटार येऊन बसलं होतं, पाकळी न् पाकळी बुजली होती, आणि पंख्यानं ते सगळं आतल्या बाजूला ओढून रेडिएटरवर भिंतीसारखं लिंपलं होतं. हवा जायला टाचणीएवढी जागा नव्हती. आणि ते सगळं तारेनं आवळून बांधलेलं, माझ्या हातांनी.

काका खाली वाकले. त्यांनी पक्कड काढली, तारेचा पीळ सोडला, जाळी खोलली. मी म्हणालो, "द्या, मी करतो." ते म्हणाले, "आज राहू द्या. आज टाइम न्हाई." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला काम करू दिलं नाही. गुडघे रस्त्यावर टेकवून ते बोटांनी झेंडूचा लगदा काढत होते. मागच्या बाजूनं बाटलीनं पाणी मारून रेडिएटर धुतला. इंजिन निवल्यावर पाणी भरलं. पांढरा शर्ट कोपरापर्यंत पिवळा आणि वर काळ्या ग्रीसचा झाला. "चालू करा," ते म्हणाले. काटा मध्यावर येऊन थांबला.

अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोहोचलो. काका सगळी वाट मोटरसायकलवरून गाडीच्या मागंमागं आले होते. अण्णा आत गेले, सुई लागली, मशीन सुरू झालं. मी बाहेर येऊन बघतो तर काका निघून गेले होते. मी त्यांना आभाराचा शब्द बोललो नव्हतो आणि माफीचाही नाही. मनात म्हटलं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हटलं, उद्या. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असेच गेले. शुक्रवारच्या तपासणीला भिंतीवर कुणी नव्हतं आणि मी हाक मारली नाही. शाळेत पोरांना चूक कबूल करायला लावणं फार सोपं असतं.

शनिवारी सकाळी गाडी दाराशी लावली. अण्णा ओट्यावर खुर्चीत तयार बसले होते, मांडीवर पिशवी, पायात चपला. मी म्हणालो, "चला."

"आधी शेजारी जाऊन ये," अण्णा म्हणाले.

"आल्यावर जातो. उशीर होतोय."

"मग होऊ दे. ज्याच्यामुळं मी मंगळवारी पोहोचलो त्याला तू शिव्या दिल्यास आणि चार दिवस झाले, तोंड लपवून बसलास. ती गाडी त्याच्या जिवावर चालते. तू जाऊन येत नाहीस तोवर मी तिच्यात बसणार नाही."

मी चिडलो. नऊ वाजत आले होते. त्यांचे पाय सुजायला लागलेच होते, चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. म्हणालो, "अण्णा, हा काय हट्ट आहे? जिवावर बेतेल." ते म्हणाले, "बेतू दे. तुझ्या हातात आहे." आणि पिशवी घट्ट धरून समोर बघत बसले. जन्मभर ज्या माणसानं आवाज चढवला नाही, त्यानं आपला नंबर पणाला लावला होता.

मी भिंतीला वळसा घालून काकांच्या दारात गेलो. ते अंगणात मोटरसायकलची चेन साफ करत बसले होते. मागं दोरीवर तो पांढरा शर्ट वाळत होता. दोनदा धुऊनही बाहीवर पिवळा डाग होता.

"काका," मी म्हणालो, "मंगळवारी मी जे बोललो ते फार वाईट बोललो. चूक माझी होती. मला माफ करा."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तकलीफ झाली सर, खोटं काहून बोलू? वंदना सोडून बाहेर आलतो. मानूस ऐकून घेतो, पन लागतं ते लागतंच." फडकं पुन्हा उचलत ते म्हणाले, "पन खरं सांगू का, तवा मला दुसराच घोर होता. क्लिप माझ्याच हातून ढिली राहिली का? पाईपाला शेवटी हात माझाच लागलता. अण्णाला कायी झालं आसतं तर? साऱ्या वाटेनं तेच डोक्यात घेऊन आलो."

मी पंख्यात दोष शोधला होता, पाईपमध्ये शोधला होता, त्यांच्यात शोधला होता. आणि हा माणूस शिव्या खाऊन, स्वतःच्या हातात दोष शोधत एवढी वाट आला होता. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"जा आता," काका म्हणाले. "नंबर जाईल त्यांचा. आन् सर, पक्कड गाडीत ठेवत जा. पूजा बाकीच्यांची करा."

मी परतलो. अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, उठले, सीटवर बसले आणि दार हळूच टेकवलं. मी आडवा होऊन लावलं. त्या दिवशी मी "जोरात लावा" म्हणालो नाही.

त्यानंतर अण्णा पुढच्या चैत्रापर्यंत होते. मंगळवार आणि शनिवार, एकही नंबर चुकला नाही. त्या गाडीचे, तिच्या त्या थकलेल्या इंजिनाचे, काकांच्या बोल्टांच्या डब्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. वर्तमानपत्र वाचता वाचता, सकाळच्या उन्हात, घरच्या खाटेवर अण्णा गेले. त्या दिवशी भिंतीवरून आतली पानं आली ती तशीच राहिली.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर सगळी हत्यारं मांडली, पक्कड आणि पेचकस सोडून. बायकोनं हार केला नाही. झेंडूचं एक फूल तिनं गाडीत समोर ठेवलं. काकांना हिंगोलीला कार्यक्रमाला जायचं होतं. मी म्हणालो, मी सोडतो. तोच पांढरा शर्ट त्यांच्या अंगात होता, बाहीवर फिकट पिवळं अजून होतं. ते डाव्या सीटवर बसले. अण्णांनंतर तिथं कुणी बसलं नव्हतं. बायकोसुद्धा मागंच बसायची, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी डेपोतल्या सवयीनं धाडकन दार लावलं. मी किल्ली फिरवायच्या आधी आडवा झालो आणि हात त्यांच्या अंगावरून दाराकडं नेला. दार पक्कं लागलेलं होतं. माझा हात तिथंच राहिला.

काकांनी तो हात बघितला. त्यांनी दार उघडलं आणि अण्णांसारखं हळूच टेकवलं. मी ते ओढून लावलं आणि गाडी सुरू केली.